नावात मावलेला आणि न मावलेला इतिहास : मॅक्सवेल डोटी आणि शैवालशेती

जीवशास्त्रात एखाद्या जातीचे नामकरण होते, तेव्हा त्या नावात इतिहासाचा एक तुकडा कायमचा बंदिस्त होतो. ‘कॅपाफायकस अल्वारेझी’ हे उष्ण कटिबंधातील एका समुद्री शैवालाचे नाव. त्याच्या पूर्वपदात या शैवालातून मिळणाऱ्या ‘कॅपा’ प्रकारच्या कॅराजीननचा निर्देश आहे, तर उत्तरपदात व्हिसेंते अल्वारेझ या फिलिपिनो सहकाऱ्याचे स्मरण. नामकर्ते होते हवाई विद्यापीठातील शैवालशास्त्रज्ञ मॅक्सवेल डोटी (१९१६–१९९६). त्यांनी १९८५ मध्ये ही जात वर्णिली आणि १९८८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. या नावात जे मावले आणि जे मावू शकले नाही, त्या दोहोंचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकाला ‘चायना ग्रास’ परिचित आहे. उपवासाच्या किंवा सणाच्या पक्वान्नाला थिजवणारा तो पदार्थ लाल शैवालापासून निघतो. कॅराजीनन हे त्याच कुळातले द्रव्य. आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध, टूथपेस्ट अशा अनेक वस्तूंना ते दाटपणा आणि स्थैर्य देते. प्रारंभी ते उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरील ‘आयरिश मॉस’ या शैवालापासून मिळत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मागणी वाढत गेली आणि उद्योगाची दृष्टी फिलिपाइन्सच्या प्रवाळखडकांकडे वळली. तेथील नैसर्गिक साठा ओरबाडला जाऊन १९६० च्या दशकातच झपाट्याने आटू लागला. अमेरिकेतील ‘मरीन कोलॉइड्स’ कंपनीच्या साहाय्याने डोटी या प्रश्नाकडे वळले, ते या टप्प्यावर.

त्यांची पूर्वतयारी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषय भरती-ओहोटीची पातळी आणि शैवालांचे खडकावरील स्तर यांचा संबंध हा होता. ओहोटीच्या वेळी एखादी वनस्पती किती काळ उघडी पडते, यावर तिचे जगणे अवलंबून असते, या जाणिवेला शैवालशेतीत थेट व्यावहारिक मोल होते. ओहोटीतही पाण्याखाली राहणारा, परंतु माणसाला उभे राहून काम करता येईल इतका उथळ पट्टा हेच या शेतीचे शिवार ठरले. बीज, नांगर, खत यांपैकी कशाचीच गरज नव्हती. शैवालाचे तुकडे दोरीला बांधायचे, दोरी खुंट्यांना ताणायची, सहा ते आठ आठवड्यांनी वाढलेले पीक काढायचे, त्यातलेच काही तुकडे पुन्हा बांधायचे आणि उरलेले वाळवून विकायचे, एवढाच हा क्रम.

मात्र पद्धत सोपी असली, तरी ही शेती कोणाची, हा प्रश्न सोपा नव्हता. उद्योगाने प्रथम मळ्यांचा, म्हणजे मजुरीवर चालणाऱ्या मोठ्या शेतांचा मार्गही आजमावून पाहिला. तो टिकला नाही. शैवालाला रोजची निगराणी लागते. तुटलेली दोरी, चरणारे मासे, चिकटलेली इतर शैवाले, वादळाची चाहूल यांवर पगारी मुकादमापेक्षा घरच्या माणसाची नजर अधिक दक्ष असते. भांडवल थोडे, श्रम अधिक आणि उत्पन्न वारंवार, असे गणित कुटुंबाला परवडते, कंपनीला परवडत नाही. १९७० च्या दशकात सुलू द्वीपसमूहात ही शेती रुजली ती कौटुंबिक रूपात. त्याच काळात तो प्रदेश सशस्त्र संघर्षात होरपळत होता आणि १९७४ मध्ये होलो शहर लढाईत जळाले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या रुजण्याचे महत्त्व अधिक जाणवते. लोकाधारित मत्स्यशेतीचा हा आद्य यशस्वी नमुना तत्त्वज्ञानातून कमी आणि व्यवहाराच्या हिशेबातून अधिक जन्मला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. त्यामुळे त्याचे मोल उणावत नाही.

पुढे ही पद्धत इंडोनेशियात गेली, १९८९ पासून झांझिबारच्या किनाऱ्यावर व्यापारी स्वरूपात सुरू झाली आणि तेथे प्रामुख्याने स्त्रियांची झाली. अनेक घरांत स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा आला तो या दोरीमुळे. भारतात भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये हे शैवाल आणून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर रुळवले. २००० नंतर तमिळनाडूतील मंडपम परिसरात बांबूच्या तराफ्यांवर त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. मन्नारच्या आखातातील एकवीस बेटांचे १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, बुड्या मारून नैसर्गिक शैवाल गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या वाटा आक्रसल्या होत्या. बचत गटांतील तराफे काहींच्या दृष्टीने त्याला पर्याय ठरले.

या कथेची दुसरी बाजू झाकणे इतिहासलेखकाला शोभणार नाही. १९७४ मध्ये संशोधनासाठी डोटी यांनी हवाईच्या कानेओहे उपसागरात हे शैवाल आणले. ते फारसे पसरणार नाही, असा प्रारंभीच्या अभ्यासांचा कौल होता. १९९० च्या दशकातील पाहणीत मात्र ते वर्षाला सरासरी सुमारे २५० मीटर सरकत गेल्याचे आणि जिवंत प्रवाळांवर आच्छादन घालत असल्याचे दिसले. पुढे ते शोषयंत्रांनी उपसावे लागले आणि समुद्री साळू पैदा करून खडकांवर सोडावे लागले. मन्नारमधील कुरुसडाई बेटाच्या प्रवाळांवर ते पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. परदेशी जात आणून सोडताना गृहीत धरलेली मर्यादा समुद्र पाळत नाही, हा धडा फार महाग पडला.

दुसरा दोष याहून खोल आहे. तुकड्यांपासून तुकडे वाढवत गेल्याने जगभरच्या शेतांत जनुकीय वैविध्य अत्यल्प उरले. पाणी तापले, खारटपणा घटला की शैवालाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळतात. शेतकऱ्यांमध्ये हा रोग ‘आइस-आइस’ म्हणून ओळखला जातो. झांझिबारच्या उथळ, तापलेल्या पाण्यात हे किमती पीक अनेक ठिकाणी टिकेना आणि स्त्रियांना कमी भावाच्या जातीकडे वळावे लागले. तमिळनाडूतही २०१३ च्या सुमारास उत्पादन कोसळले. शिवाय शेती कौटुंबिक राहिली, तरी बाजार कधीच लोकाधारित झाला नाही. २००८ मध्ये भाव गगनाला भिडून तितक्याच वेगाने खाली आले, तेव्हा ती लाट अखेर फुटली ती कुटुंबांच्या अंगावर.

आता पुन्हा त्या नावाकडे वळू. शास्त्रीय प्रथेनुसार जातीच्या नावापुढे नामकर्त्याचे नाव लिहितात. म्हणजे ‘अल्वारेझी’ आणि ‘डोटी’ या दोघांनाही त्या नावात जागा मिळाली. एका पाश्चात्त्य शास्त्रज्ञाने स्थानिक सहकाऱ्याचे नाव शास्त्रात कोरावे, यातली कृतज्ञता खरी आहे. परंतु कंबरभर पाण्यात उभे राहून दोऱ्या बांधणाऱ्या सुलू, पाजे आणि पांबनच्या हातांसाठी कोणत्याही नामावलीत रकाना नसतो. भारतात प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने २०२० पासून शैवालशेतीला पुन्हा चालना दिली आहे. तिचे यश टनांत मोजताना तीन प्रश्न सोबत ठेवावे लागतील. बीज किती विविध आहे? प्रवाळ किती सुरक्षित आहेत? आणि भाव ठरवताना दोरी बांधणारीला विचारले जाते का? डोटी यांच्या कारकिर्दीचा वारसा या प्रश्नांसकटच स्वीकारायला हवा.