जहाजातून आलेलं हॉटेल आणि हरवलेली चर्चं

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझ्या फोनमध्ये २०१९च्या फेब्रुवारीतला एक फोटो आहे. काळा घोडा फेस्टिव्हल, मुंबईत नोकरी लागून जेमतेम सहा महिने झालेले, गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड, हातात कुल्फी. मागे एक काळवंडलेली, मोडकळीला आलेली इमारत. मला वाटलं, हिच्यामुळे फोटो खराब होतोय. म्हणून स्टेटसला टाकताना मी तिला सरळ कापून टाकलं. आजचा अख्खा एपिसोड तिच्यावर आहे.

पण मी तिच्यापर्यंत पोचलो एका वेगळ्याच रस्त्याने. मी शोधत होतो लोखंडी चर्च.

१८२९ मध्ये हेन्री पामर नावाच्या लंडनच्या इंजिनिअरने पन्हाळी पत्र्याचं पेटंट घेतलं. सपाट पत्रा लगेच वाकतो, पण त्याला लाटा पाडल्या की तोच पत्रा ताठ उभा राहतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये लोखंडावर जस्ताचा थर चढवायची पद्धत निघाली आणि गंजाचा प्रश्नही बराच सुटला. झालं, इमारत आता पेटीत भरता येऊ लागली. १८५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, माणसं तिकडे धावली आणि त्यांना राहायला घरं, प्रार्थनेला चर्चं हवी होती. ब्रिस्टलच्या सॅम्युअल हेमिंगसारख्या कारखानदारांनी घरं, दुकानं, चर्चं सुट्या भागांत बनवून जहाजाने मेलबर्नला पाठवली. भाग जुळवा, बोल्ट आवळा, घंटा टांगा. आपण ऑनलाइन कपाट मागवतो ना, तसंच. फक्त स्क्रू कमी पडले तर पुढचं जहाज यायला कित्येक महिने.

आता गंमत बघा. दगडी चर्च पाडलं तरी जोतं उरतं. पत्र्याच्या चर्चचं तसं नाही. बोल्ट उघडले, गाडीत घातलं, दुसऱ्या गावाला विकलं. तिथे त्याचा हॉल होतो, पुढे गॅरेज, मग कुणाची तरी पेंड ठेवायची शेड. त्यामुळे अशी हरवलेली इमारत शोधायची तर जमीन खणून फार उपयोग होत नाही, कागद खणावे लागतात. जुने नकाशे, कारखान्यांचे कॅटलॉग, बाप्तिस्म्याच्या वह्या, वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिराती. आमच्या धंद्यात याला डँगलिंग पॉइंटर म्हणतात. पत्ता तुमच्याकडे असतो, पण त्या पत्त्यावर आता भलतंच काहीतरी असतं.

सगळीच हरवली नाहीत. इस्तंबूलमध्ये गोल्डन हॉर्नच्या काठावर बल्गेरियन लोकांचं सेंट स्टीफन चर्च आहे, १८९८ मध्ये उघडलेलं. तिथली जमीन भुसभुशीत, दगडाचं वजन पेलेना, म्हणून लोखंड. भाग व्हिएन्नात ओतले आणि डॅन्यूब नदीतून, काळ्या समुद्रातून नेले. मनिलाचं सॅन सेबॅस्टियन चर्च १८९१चं. आगी आणि भूकंपांनी आधीची चर्चं गेली, म्हणून हे अख्खं पोलादात बांधलं, भाग बेल्जियमहून आणले. आता त्याला समुद्राच्या हवेने गंज खातोय.

हे वाचता वाचता मी सहज शोधलं, की असं जहाजातून आलेलं, बोल्टने जोडलेलं आपल्या महाराष्ट्रात काय आहे? लोखंडी पूल तर होतेच. पण सगळ्यात मोठं पार्सल निघालं एक हॉटेल. पत्ता टाकला, नकाशा उघडला आणि मला माझी कुल्फी आठवली.

वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा मुंबईतला कापडाचा इंग्रज व्यापारी. किल्ल्याची तटबंदी पाडून सरकारने मोकळ्या झालेल्या जागेचे प्लॉट लिलावात काढले आणि १८६४ मध्ये वॉटसनने एक घेतला. आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिशने. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात असलेला हा माणूस, सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छतामागेही हाच. सांगाडा ओतला डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीने. १८६७ ते १८६९ मध्ये तो मुंबईत उभा राहिला. सुएझ कालवा उघडला १८६९च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे हे खांब आणि तुळया बहुतेक आफ्रिकेला वळसा घालून आल्या असणार. फरशा आणि विटासुद्धा विलायतेहून! मुंबईत विटा मिळत नव्हत्या असं नाही हो, पण साहेबाची हौस.

महत्त्वाची गोष्ट आहे तिच्या भिंतींची. वजन भिंतींवर नाही, लोखंडी सांगाड्यावर. भिंती फक्त मधली जागा भरायला. पुढे शिकागोच्या गगनचुंबी इमारती याच कल्पनेवर उभ्या राहिल्या. पूर्ण लोखंडी सांगाड्याच्या ज्या बहुमजली इमारती जगात अजून उभ्या आहेत, त्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी ही एक. आणि मी तिला क्रॉप केलं.

टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. सांगायला भारी आहे, पण पुरावा मागितला की सगळे गप्प होतात. त्यापेक्षा पक्की गोष्ट ऐका. ७ जुलै १८९६ ला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने, मारियस सेस्टिएने, भारतात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. ल्युमिएरचे खेळ मुंबईत सुरू झाले आणि ते बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये काय चित्रित केलं असेल? कुस्ती! कोल्हापूरकरांनो, कॉलर ताठ करा. आणि आपल्या बाबूराव पेंटरांनी तर पुढे कॅमेरा मागवला नाही, इथेच कोल्हापुरात बनवला.

हॉटेल गेलं कुठे? कुठेच नाही. बंद पडलं, आत पार्टिशन घालून खोल्यांच्या खोल्या झाल्या, भाडेकरू आले, शेजारी कोर्ट म्हणून वकिलांची ऑफिसं आली. मधला काचेच्या छपराचा चौक भरून गेला. नाव आधी महेंद्र मॅन्शन, मग एस्प्लनेड मॅन्शन. रस्ताही एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी रोड झाला. म्हणजे लोखंडी चर्चचं सामान हललं आणि पत्ता राहिला, तर इथे सामान जागेवर आणि पत्ताच बदलला. जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर येऊन समोर बघितलं तरी दिसते. पण बघतं कोण?

१ जुलै २००५ ला सज्जांचा एक भाग कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये, माझ्या फोटोनंतर काही महिन्यांतच, हायकोर्टाच्या आदेशाने ती रिकामी झाली. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणाला, पाडा. वारसा जपणारे तज्ज्ञ म्हणाले, दुरुस्त होते. मला दोन्ही बाजू कळतात. खाली फुटपाथवरून रोज हजारो माणसं जातात, त्यांच्या डोक्यावर इतिहास पडून चालणार नाही. पण जी इमारत मुळात सुट्या भागांची आहे, तिचे भाग बदलायचा विचार आधी व्हायला हवा, असं मला वाटतं.

माझा मामा शिरोलीला एका फाउंड्रीत तीस वर्षं ओतकाम करतोय. गणपतीत घरी गेलो तेव्हा त्याला फोटो दाखवले. झूम करून करून त्याने खांब बघितले.

"बीड हाय रं ह्ये," तो म्हणाला. "दाबाला लई घट्ट. ताणाला मातूर काडकन तुटतंय. आन् वेल्डिंग सहज धरत न्हाई त्याला."

"मग दुरुस्त कसं करायचं?"

"वेल्डिंग कशाला? एक खांब दे, त्याचा पॅटर्न काढतो, वाळूत साचा मारतो. पाहिजे तेवढे ओतून देतो की." मग फोन परत देता देता त्याने विचारलं, "कितवा मजला हाय ह्यो? उंची लिहून आण."

मूळ फोटो, न कापलेला, मी पुन्हा स्टेटसला टाकलाय. बघा, कुल्फीच्या मागे.