धानाच्या हंगामातली शब्बाथ शाळा

रविवारची शाळा शेतकऱ्याच्या मुलांसाठी निघालेली नव्हती. १७८० साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रमालकाने ती नावारूपाला आणली, ती आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी. त्यांना मोकळा असायचा फक्त रविवार, म्हणून शाळा रविवारी. पुढे १८७६ मध्ये अलाहाबादला भारतातल्या संडे स्कूलांचा संघ उभा राहिला आणि ही पद्धत मिशनच्या ठाण्याठाण्यांवर पसरली. उन्हाळी सुट्टीतल्या बायबल शाळेचं, म्हणजे आमच्या व्हीबीएसचं मूळ १८९८ च्या न्यूयॉर्कला नेऊन जोडतात. तिथे एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी चक्क बियरचा गुत्ता भाड्याने घेऊन वर्ग भरवला. दोन्ही शाळा शहराच्या गरजेतून निघाल्या. एकीला कारखान्याचा आठवडा होता, दुसरीला शाळेची लांबलचक सुट्टी.

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला आठवडा नसतो, हंगाम असतो. रोवणीच्या दिवसांत रविवार येतो आणि जातो, चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. मी बरीच वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवते आहे, आणि घरची शेतीही करते. भंडारा आणि लाखनीच्या मधल्या पट्ट्यात आमच्या धानाच्या बांध्या आणि एक बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास सांगताना लोक मिशनऱ्यांची नावं घेतात, आणि ती घ्यावीतच. पण आमच्या भागात मुलांच्या शास्त्रशाळेचं वेळापत्रक धानाने ठरवलं, धडेही धानाने पुरवले, आणि ती शाळा चालवली ती हातात विळा धरणाऱ्या बायांनी. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे ते मिशनरी. खडक, जीवाश्म, गोंडांच्या कथा, सगळ्याचा त्यांना ध्यास. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या मागून आलेल्यांनी १९व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भंडाऱ्यात ठाणं मांडलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत दुष्काळ आला.

१८९६ चा तो दुष्काळ शेतकऱ्याच्या नजरेने समजून घ्यावा लागतो. त्या वर्षी पाऊस मुळीच पडला नाही असं नाही; तो ऑगस्टनंतर थांबला. गव्हाच्या मुलखातल्या माणसाला यातली भीती चटकन कळणार नाही. आमच्याकडे भारी धान भाद्रपद-आश्विनात पोटरीवर येतं, आणि नेमकं तेव्हा बांधीत पाणी नसेल तर लोंब बाहेर पडते, पण दाणा भरत नाही. शेत हिरवं दिसतं आणि हाती फोल येतं. पुन्हा १८९९ ला तर पावसाळाच हुकला. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. कोहळी समाजाच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव ज्या गावांत होते, ती गावं त्यातल्या त्यात तरली. मिशनकडे तेव्हा पोरकी मुलं आली, आणि आमच्या कितीतरी घराण्यांची सुरुवात तिथूनच सांगितली जाते. माझ्या आजीच्या आईचीही तशीच.

१८९६ च्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि इथून उपाशी मुली-बायांना केडगावला घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन म्हणजे विहिरी खोदलेली, धान्य-भाजीपाला पिकवणारी शेतवाडी होती. तिथेच बसून रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, साध्या बायकांना कळावं अशा भाषेत. त्याचे खिळे जुळवले आणि पानं छापली तीही तिथल्याच बायकांनी. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ज्या हातांनी भाजीचे वाफे शिंपले, त्यांनीच हे पुस्तक छापलं असेल, या विचाराने मला फार बळ येतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही गोष्ट मराठी मंडळीत घरोघर माहीत आहे. ती गाडी आमच्या जिल्ह्यातूनच जाते, वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून, तुमसर रोडवरून. वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम सावरून बसतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईतला. पुढे त्यांनी रचलेली भजनं ‘उपासना संगीत’मधून आमच्यापर्यंत आली. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या इंग्रजी चालींवर आजीची जीभ वळत नव्हती. टिळकांची भजनं तिने एकदा ऐकली की पाठ.

आमच्या गावात मुलांचा वर्ग आजीच घ्यायची. म्हणजे काय करायची, ते सांगते. आषाढात रोवणी लागली की गावात मूल सापडत नाही. मोठी पोरं परे, म्हणजे धानाची रोपं, खणायला आणि पेंड्या वाहायला, लहानी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तान्ह्या भावंडांना सांभाळायला. आजी तेव्हा पोरांना चर्चला बोलवायची नाही. ती स्वतः रोवायला जायची. ओळीत वाकून रोवताना बाया गाणी म्हणतातच. आजी त्याच ठेक्यात पाठांतराचं वचन म्हणायची आणि धुऱ्यावरची पोरं मागून म्हणायची. दुपारी शिदोरी सोडली की गोष्ट. पाळकसाहेबांना वर्गाची हजेरी लागायची. आजी म्हणायची, ‘हजेरी बांधीत येऊन घ्या जी.’

धडेही तिथेच सापडले. बायबलातला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. आमच्याकडे धान दोन तऱ्हेने लावतात. एक रोवणीचं, परे टाकून उपटून पुन्हा लावलेलं. दुसरं आवत्या, म्हणजे सरळ फेकून पेरलेलं. रोवणीच्या शेतात तो दाखला बसतच नाही, कारण प्रत्येक रोप माणसाच्या हाताने चिखलात खोचलेलं असतं, वाटेवर किंवा खडकावर पडायला काही उरतच नाही. आवत्याच्या शेतात मात्र तो जसाच्या तसा दिसतो. काही बी धुऱ्यावर पडतं, काही बरड कोपऱ्यात, काही पाखरं टिपतात. मी मुलांना प्रत्येकी एक लोंब देते आणि दाणे मोजायला लावते. चांगल्या बांधीतल्या लोंबीत गणती शंभराच्या पुढे जाते, आणि शास्त्रातली तीसपट, साठपट, शंभरपट ही भाषा त्यांना फुगवलेली वाटत नाही.

गव्हातल्या निदणाचा दाखला आणखी अवघड. धनी सांगतो, तण उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. श्रावणभर कंबर मोडून निंदणाऱ्या आमच्या बायांना हे कसं पटावं? सासूबाईंनी मला हाच प्रश्न विचारला होता. उत्तर वर्गातल्या एका मुलीने दिलं. ती म्हणाली, ‘टीचर, आवत्यात उपटलं तर धानही संगं येते ना जी.’ अगदी खरं. धानासारखंच दिसणारं गवत लोंब येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि दाट फेकलेल्या शेतात त्याची मुळं धानाच्या मुळांत गुंतलेली असतात. ओळीतल्या रोवणीत निंदणं सोपं, म्हणून सासूबाईंना तो सल्ला चुकीचा वाटला. इतकी वर्षं मी तो धडा शिकवते, पण त्या मुलीइतका नेमका मला कधी सांगता आला नव्हता.

रूथची गोष्ट तर आमच्या गावची वाटावी अशीच. विधवा सून परक्या मुलखात सासूसोबत येते, दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेल्या लोंबी, वेचून दोघींचं पोट भरते. माझ्या लहानपणी कापणीनंतर आम्ही पोरं सरवा वेचायला जायचो, ते धान दुकानात द्यायचो आणि मुरमुरे घ्यायचो. गरीब घरच्या बाया मात्र पोटासाठी वेचायच्या, आणि चांगला शेतकरी त्यांच्यासाठी कापलेल्या धानाच्या कडपा मुद्दाम हलक्या हाताने उचलायचा, म्हणजे काही लोंबी मागे राहतील. रूथच्या गोष्टीतल्या शेतमालकाने, बवाजनेही आपल्या गड्यांना हेच सांगितलं होतं. तो रात्री खळ्यात राशीजवळ निजला, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यांचे बापही रचलेल्या धानाच्या पुंजन्याजवळ राखणीला निजत. आता हार्वेस्टर फिरतो, आणि सरवा म्हणजे काय हे मला फळ्यावर चित्र काढून सांगावं लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कापणीच्या सणाची रीत अजून टिकून आहे. पहिल्या धानाची पेंडी, कोहळं, धुऱ्यावरची तूर, कोणाच्या घरचा चिन्नोर तांदूळ, सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. मुलांच्या हातून पेंडी पुढे न्यायची, हा आमच्या वर्गाचा मान.

व्हीबीएसचं गणित मात्र बदललं आहे. पूर्वी मे महिन्यात बांध्या रिकाम्या असत. काम असे ते तेंदूपत्त्याचं. पहाटे घरदार जंगलात, दुपारी सावलीत पुडे बांधणं, म्हणून आमची शाळा ऊन कललं की भरायची. मग पाणी आलं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, कालव्याचं पाणी फार पुढे पोचलं. त्याआधीच मोटारपंपांनी उन्हाळी धान आणलं होतं. आज ते धान कापणीला येतं ऐन मे महिन्यात, आमच्या शाळेच्या आठवड्यातच. पाणी आलं याचा आनंद मला शेतकरीण म्हणून आहेच, दुष्काळाची गोष्ट ऐकत वाढलेली नात म्हणून तर अधिकच. पण शिकवायला येणाऱ्या तरण्या पोरी त्याच आठवड्यात मळणीवर असतात.

म्हणून मी मंडळीच्या बैठकीत मागणी ठेवली आहे. शहरातल्या मुलांची शाळा एप्रिलच्या शेवटी, परीक्षा आटोपताच घ्यावी. खेड्यातल्या मुलांची रोहिणी लागल्यावर, धान घरी आल्यावर आणि मृगाची पेरणी सुरू होण्याआधी घ्यावी. ते मोजके दिवस शेतकऱ्याच्या घरी खरे मोकळे असतात. सकाळी लवकर वर्ग, ऊन चढण्याआधी घरी. शेजारची इतर धर्मांची मुलंही गाण्यांसाठी येतात. त्यांच्या आईबापांना आधी भेटून विचारायचं, ही आजीच्या काळापासूनची रीत तशीच ठेवायची. छापील वहीत द्राक्षमळे आणि मेंढरं येतात, ती राहू द्यावीत. त्यांच्या जोडीला परे, आवत्या, कडपा आणि पुंजने यांची चित्रं मी आणि दोन मुली काढतो आहोत. बैठकीचा निर्णय होईपर्यंत ती तयार होतील.