उतारावरील चिलखत

शरीराचें रक्षण करावयाचें तर अंगावर ओझें घ्यावें लागतें. आणि ओझें वाढलें कीं ज्या चपळाईनें माणूस प्रहार चुकवितो, ती चपळाईच नाहींशी होते. चिलखताच्या इतिहासांतील हा पेंच फार जुना आहे. १५१९ सालीं हर्नान कोर्तेझ याचे स्पॅनिश शिपाई मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हां त्यांच्यापैकीं कांहींच्या अंगावर पोलादी कवचें होतीं. त्या देशांतील योद्धे मात्र कापूस भरून टाचलेल्या जाड बंड्या घालून लढत. उष्ण हवेंत पोलाद वागविणें किती कठीण आहे याचा अनुभव येतांच पुष्कळ स्पॅनिश शिपायांनीं शत्रूचीच ती बंडी उचलली. बाणापासून रक्षण करण्यास ती पुरे पडे, आणि ती घालून चालतां, चढतां, वाकतां येई. हलकें परंतु पुरेसें रक्षण कोणतें, या प्रश्नाला त्या शिपायांनीं दिलेलें हें उत्तर होतें. तोच प्रश्न साडेचारशें वर्षांनीं, आणि तोही युद्धासाठीं नव्हे तर केवळ खेळासाठीं, कॅलिफोर्नियांतील एका डोंगरावर पुन्हा उभा राहिला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नांवाचा परगणा आहे. त्यांतील फेअरफॅक्स गांवाजवळच्या डोंगरांतून, वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठीं काढलेली एक कच्ची वाट खालीं येते. तिची लांबी सुमारें दोन मैल व उतार सुमारें तेराशें फूट. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं तरुणांनीं या वाटेवर सायकलींची शर्यत लावली. त्यांच्या सायकली तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, वजनदार आणि फुगीर धांवांच्या होत्या. पायटे उलट फिरविले कीं मागच्या चाकाच्या तुंब्यांतील ब्रेक लागे. उतार संपेपर्यंत हा ब्रेक इतका तापे कीं आंतील वंगण जळून धूर निघे, आणि दर फेरीनंतर तुंबा उघडून त्यांत नवें वंगण भरावें लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हें नांव पडलें. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली हीं पुढें प्रसिद्धीस आलेलीं नांवें याच वाटेवरचीं. फिशर यानें हा उतार चार मिनिटें बावीस सेकंदांत उतरून जो उच्चांक केला, त्यांत सरासरी वेग ताशीं सुमारें २८ मैल पडतो.

या वेगाला साजेसें रक्षण त्यांच्यापाशीं काय होतें? जाड डेनिमच्या विजारी, कामकऱ्यांचे भक्कम जोडे आणि हातमोजे, एवढेंच. पुष्कळांच्या डोक्यावर शिरस्त्राणही नसे. पडणाऱ्याची कातडी सोलली जाई आणि तो पुन्हा उभा राही. परंतु सर्वच पतनें इतक्यावर भागत नाहींत, हें वाहनें सुधारलीं तसतसें दिसूं लागलें.

१९८९ च्या सुमारास सायकलीच्या पुढच्या चिमट्यांत धक्के शोषणारीं नळकांडीं आलीं. मागाहून मागच्या चाकालाही तशीच सोय झाली, आणि ब्रेक अधिक खात्रीचे बनले. १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली, आणि त्यांत उताराच्या शर्यतीला स्वतंत्र स्थान मिळालें. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथील सुप्रसिद्ध मार्ग पाहिला, तर पावणेतीन किलोमीटरांच्या अंतरांत साडेपांचशें मीटरांहून अधिक उतार आहे, आणि वाटेंत खडक, मुळ्या व उड्या आहेत. चाक अडखळलें कीं स्वार हातळावरून पुढें फेंकला जातो, आणि पहिला आघात खांदा, छाती किंवा पाठ यांवर येतो. धड झांकण्याची गरज अशी वेगाबरोबरच वाढत गेली.

हें रक्षण प्रथम मोटारसायकलवाल्यांकडून उसनें आलें. १९७९ च्या सुमारास दाइनेझे या इटालियन कंपनीनें, मार्क सॅडलर याच्या आराखड्यावरून, पाठीच्या कण्यासाठीं एक ढाल तयार केली, आणि बॅरी शीन या विख्यात ब्रिटिश शर्यतपटूनें ती वापरली. एकावर एक चढणाऱ्या तुकड्यांची तिची रचना शेवंडाच्या पाठीसारखी होती. त्यामुळें पुढें वाकतां येई, पण पाठ उघडी पडत नसे. १९९० नंतरच्या दशकांत उतारावरील सायकलस्वार याच जातीचीं जाकिटें घालूं लागले. जाळीच्या कापडावर छाती, खांदे, कोंपरें व कणा यांवर कठीण प्लास्टिकचीं कवचें बसविलेलीं असत. टोंकदार दगडाचा मार एका बिंदूवर न राहतां पसरावा आणि अंग खडकावरून घसरून जावें, हीं दोन कामें कठीण कवच उत्तम करी. परंतु तें उकडे, अवजड वाटे, आणि हात उंचावतांना जागचें हाले. ज्या चिलखताचा कंटाळा येऊन स्वार तें खोलीवरच ठेवून निघतो, त्याचें सामर्थ्य कितीही असलें तरी व्यर्थच.

यावर तोड रसायनशास्त्रानें सुचविली. मक्याचें पीठ पाण्यांत दाट कालवून त्यांत बोट हळूं घातलें तर तें सहज बुडतें. पण जोरानें ठोसा मारला तर तेंच मिश्रण क्षणभर घट्ट होतें. या गुणधर्मावर आधारलेला एक मऊ पदार्थ रिचर्ड पामर या इंग्रज संशोधकानें विकसित केला, आणि १९९९ सालीं ‘डी-थ्री-ओ’ या नांवानें उद्योग स्थापला. सावकाश हालचालींत त्यांतील रेणू एकमेकांवरून सरकतात, म्हणून तो अंगासरशी वळतो. अकस्मात् आघात झाला कीं ते एकमेकांत अडकतात व मार शोषून घेतात. २००६ च्या ट्युरिन येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें अमेरिकन व कॅनेडियन बर्फपटूंच्या पोशाखांत हा पदार्थ होता. लवकरच अशाच गाद्या सायकलस्वारांच्या अंगांतही शिरल्या. आतां चिलखत सदऱ्याखालीं घालतां येऊं लागलें.

हलकेपणाची मागणी आणखी एका कारणानें वाढली. २०१३ सालीं ‘एंड्युरो’ शर्यतींची जागतिक मालिका सुरू झाली. या प्रकारांत वेळ उताराचाच मोजतात, परंतु चढावाचें बरेंचसें अंतर स्वारानें स्वतःच पायटे मारून काटावयाचें असतें. चार मिनिटांसाठीं सोसलेलें ओझें दिवसभर सोसतां येत नाहीं. थकलेला स्वार वाट चुकतो, आणि चुकलेला स्वार पडतो. म्हणून येथें वजन हा सोयीचा प्रश्न न राहतां सुरक्षिततेचाच प्रश्न होऊन बसतो.

मग हलकें आणि केवळ नांवाचें, यांतील भेद कसा ओळखावा? त्यासाठीं मोटारसायकलस्वारांकरितां ठरविलेलें ‘ईएन १६२१’ हें युरोपीय प्रमाण उपयोगीं पडतें. पांच किलोग्रॅमचें वजन सुमारें एक मीटरावरून गादीवर पाडतात, आणि पलीकडे किती जोर पोंचतो तें मोजतात. पाठीच्या ढालीला पहिल्या श्रेणींत सरासरी अठरा व दुसऱ्या श्रेणींत नऊ किलोन्यूटनांची मर्यादा आहे. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारें शंभर किलोग्रॅमांचा भार, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळतो. हें चिन्ह नसलेला स्पंज अंगावर फुगीर दिसला तरी त्याची परीक्षा झालेली नसते. तसेंच मऊ गादी थंडींत कडक व उन्हांत सैल पडते. ती खांद्यावरून सरकूं नये इतकी अंगाबरोबर बसली पाहिजे. आणि टोंकदार खडकांच्या वाटेवर जुन्या कठीण कवचाचा गुण आजही शिल्लक आहे.

शेवटीं मर्यादेचें भान हवें. खांद्याच्या टोंकावर किंवा पसरलेल्या हातावर पडल्यास जोर थेट गळ्याच्या हाडाकडे जातो, व तें मोडण्यापासून कोणतीही गादी पूर्णपणें वांचवूं शकत नाहीं. पाठीची ढाल समोरचा मार पसरविते; कणा पिळवटला किंवा दुमडला तर ती निरुपाय आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघानें उताराच्या शर्यतीसाठीं तोंड झांकणारें शिरस्त्राण सक्तीचें केलें; पाठ, खांदे व कोंपरें यांच्या रक्षणाची मात्र जोरदार शिफारसच केली. म्हणजे अंतिम निवड स्वाराच्याच हातीं राहिली. मेक्सिकोंतील त्या शिपायांनीं बाण, ऊन आणि स्वतःचें बळ यांचा विचार करून कापसाची बंडी उचलली होती. उताराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या स्वारालाही वाट, वेळ आणि स्वतःचें बळ हींच तीन मापें लावावीं लागतात.