रोटाव्हेटर सुरक्षित कसा चालवावा? खोली कशी लावावी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णा, कोयना, वारणेच्या काठी उसाचा खोडवा मोडला की रानात ट्रॅक्टरमागे जोडलेला रोटाव्हेटर हमखास दिसतो. गावात त्याला नुसते ‘रोटर’ म्हणतात. जमिनीचा वरचा थर खरवडणे, ढेकळे फोडणे आणि पाचट मातीत मिसळणे ही कामे तो एकाच वेळी करतो.

ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग केले आणि १९२० मध्ये यंत्राचे पेटंट घेतले. गंमत म्हणजे, ‘रोटाव्हेटर’चे इंग्रजी स्पेलिंग उलट वाचले तरी तेच राहते.

धोका नेमका कुठे?

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर तयार होत. बैल थांबले की नांगरही थांबे. रोटरचे तसे नाही. त्याला ताकद ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टमधून मिळते. त्यामुळे ट्रॅक्टर जागेवर उभा असला, तरी पीटीओ चालू असेपर्यंत पाती फिरतच राहतात. या शाफ्टचा प्रचलित वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. पदर, ओढणी, उपरणे किंवा सैल बाही त्यात अडकली, तर सोडवायला वेळच उरत नाही.

सुरू करण्यापूर्वी

• पीटीओ शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण जागेवर आणि धड असावे. फुटले असल्यास आधी बदलावे.
• पात्यांचे नट-बोल्ट आवळावेत. वाकलेली, झिजलेली पाती बदलावीत.
• गिअरबॉक्समधील तेल पाहावे, शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस द्यावे.
• रानातले दगड, तारा, ठिबकच्या नळ्या काढाव्यात.
• ट्रॅक्टरवर फक्त चालक असावा. मडगार्डवर मुलांना बसवणे हा लाड जिवावर बेततो. तिथून तोल गेला तर पडणारा चाकाखाली किंवा थेट पात्यांसमोर येतो.

खोली आणि बारीकपणा

खोली दोन्ही बाजूंच्या स्किडवरून ठरते. स्किड वर घेतली की पाती खोल जातात, खाली घेतली की उथळ. दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात. उसाचे बुडखे असलेल्या रानात पहिली फेरी उथळ घ्यावी आणि दुसरीत खोली वाढवावी.

माती किती बारीक होणार हे मागच्या फळीवर आणि ट्रॅक्टरच्या वेगावर अवलंबून असते. फळी खाली आणि वेग कमी ठेवला की माती भुसभुशीत होते. फळी वर ठेवली की ढेकळे मोठी राहतात. रोटर पुढे-मागे झुकत असल्यास टॉप लिंकने सपाट करावा.

काळ्या रानात वाफसा येण्याआधी रोटर घालू नये. ओली माती पात्यांना चिकटते, ट्रॅक्टरवर ताण येतो आणि रानही घट्ट होते.

वळताना आणि मागे घेताना

बांधाशी वळताना आधी पीटीओ बंद करावा, मग रोटर उचलावा. पाती मातीत ठेवून वळल्यास ती वाकतात. मागे घेण्यापूर्वी मागे कोणी नाही याची खात्री करावी. पाटण, जावळीसारख्या डोंगराळ भागात उतारावर वेग कमी ठेवावा आणि झटक्यात वळू नये, कारण ट्रॅक्टर उलटू शकतो.

पात्यांत काही अडकले तर?

सर्वात मोठी चूक इथेच होते. पाचट किंवा तार गुंडाळली की चालक इंजिन चालू ठेवूनच खाली उतरतो. योग्य क्रम असा: पीटीओ बंद, रोटर जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली खिशात. पाती पूर्ण थांबल्यावरच हात घालावा, तोही हातमोजे घालून. पाती बदलण्यासाठी रोटर उचलावा लागला, तर त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नये. दाब उतरला की सगळे वजन खाली येते.

या क्रमाला लागतात फार तर दोन मिनिटे. किल्ली खिशात असली की दुसरे कोणी चुकूनही इंजिन सुरू करू शकत नाही.