साक्षी किती?

एकच गोष्ट पुष्कळांनीं सांगितली म्हणजे ती खरी, असें आपण सहज मानतों. परंतु साक्षी मोजावयाच्या कशा?

इ. स. पूर्वी ७०१ मध्यें अश्शूरचा राजा सन्हेरीब यानें यहूदा राज्यावर स्वारी केली. बायबलांत ही हकीकत राजे व यशया या दोन्ही पुस्तकांत येते. पण मजकूर जवळजवळ शब्दशः एकच. हिज्कीया राजानें भरलेल्या खंडणीचा उल्लेख तेवढा यशयांतून गळलेला! तेव्हां ही एकाच साक्षीची नक्कल होय.

खरी दुसरी साक्ष शत्रूची. निनवे येथें १८३० सालीं सांपडलेल्या मातीच्या षट्कोनी स्तंभावर सन्हेरीब ४६ तटबंदीचीं गांवें जिंकल्याचें व हिज्कीयास यरुशलेमांत कोंडल्याचें सांगतो. खंडणीचें सोनें दोहींकडे ३० किक्कार. चांदी मात्र बायबलांत ३००, स्तंभावर ८००. घेणाऱ्याच्या व देणाऱ्याच्या वहींत इतका फरक पडावयाचाच. पण यरुशलेम घेतल्याचें तो कोठेंच म्हणत नाहीं. लाखीशचा विजय वाड्याच्या भिंतींवर कोरविणारा राजा राजधानी पडती तर गप्प बसता काय? आम्हांस त्याचें हें मौनच सर्वांत मोलाचें वाटतें.

एका रात्रींत १,८५,००० सैनिक देवदूतानें मारले, असें बायबल म्हणतें. सुमारें अडीच शतकांनीं हिरोडोटसनें इजिप्तांत ऐकिलें तें निराळेंच: उंदरांनीं सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. यावरून कित्येक पंडित प्लेगाचें अनुमान काढतात. १८९६ चा मुंबईचा प्लेग ज्यांनीं घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकिला, त्यांस तें चटकन् पटेल. आम्हांस पटत नाहीं. हिरोडोटसचे उंदीर यरुशलेमाशीं नव्हे, इजिप्तच्या सीमेवर आहेत. आणि त्यांतला एकही मेलेला नाहीं.