धाराऊ, बोंडले आणि दुधाचा डबा

सुरतेत पिढ्यान् पिढ्या स्थायिक असलेल्या आपल्या मराठी घरांत इतिहासाचा विषय निघाला की बोलणे बहुधा जानेवारी १६६४ च्या स्वारीपाशी जाऊन पोहोचते. त्या वेळी, १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेले संभाजीराजे पुरते सात वर्षांचेही नव्हते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सईबाईंची प्रकृती प्रसूतीनंतर ढासळली, अंगावरचे दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ यांना दूधआई म्हणून आणण्यात आले, असे परंपरा सांगते. सप्टेंबर १६५९ मध्ये सईबाईही गेल्या. स्वराज्याचे दुसरे छत्रपती वाढले ते एका शेतकरी घरातील स्त्रीच्या दुधावर.

हा प्रसंग आम्ही आरंभी घेतला त्याला कारण आहे. आईचे दूध की डब्याचे दूध हा वाद अर्वाचीन काळाने आणला, असे आपण धरून चालतो. वस्तुतः आईच्या दुधाला पर्याय शोधण्याची गरज फार जुनी आहे. नवा आहे तो त्या पर्यायाचा बाजार. हे दोन धागे वेगळे केल्यावाचून या विषयाचा उलगडा होत नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्री कशी निवडावी याचे सविस्तर वर्णन आहे. ती निरोगी असावी, तिला भरपूर दूध असावे, आणि तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे, अशा त्या अटी. शेवटची अट वाचताना मन अडखळते. त्या जिवंत मुलाच्या वाटणीच्या दुधाचे काय, हा प्रश्न ना शास्त्रकार विचारतात, ना बखरकार.

दाई ठेवणे राजवाड्यांना आणि वाड्यांना परवडे. सामान्य घरात आई दगावली किंवा तिला दूध आले नाही तर आधार असे तो शेजारच्या लेकुरवाळीचा, नाहीतर बोंडल्याचा. चांदीचे, पितळेचे, चोच असलेले ते छोटे भांडे आपल्यापैकी काही घरांत अजूनही देवघराच्या कपाटात पडलेले असेल. शेळीचे किंवा गाईचे दूध पाणी घालून, वावडिंगाचे दाणे टाकून उकळायचे आणि थेंब थेंब बाळाच्या तोंडात सोडायचे. अशी किती बाळे जगली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. बरीच दगावली असणार, असे मानण्यास जागा आहे.

आपली परंपरा या बाबतीत निर्दोष होती, असे म्हणण्याचा मोह टाळावा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक बाळाला न देता मध-तूप चाटवण्याचा प्रघात सुश्रुताइतका जुना आहे. गुजराती शेजाऱ्यांची गळथुथी आणि आपली मध-गुटी यांत तत्त्वतः अंतर नाही. आज आपण जाणतो की त्या काही चमचे चिकातच रोगप्रतिकारक द्रव्ये सर्वाधिक असतात, आणि नवजाताचे पोटही तेवढेच लहान असते. बाळंतिणीसाठी मात्र घराने हात आखडता घेतला नाही. दक्षिणेकडून आलेले अळीव आणि डिंकाचे लाडू, इथले सुवा आणि काटलुं, दोन्ही एकाच ताटात वाढले गेले. त्याहून मोलाचे म्हणजे तिला सव्वा महिना विश्रांती मिळे, आणि ‘पाजत राहा, दूध येईल’ असे सांगणारी एक अनुभवी बाई सतत उशाशी असे.

डबा आला तो या बाईच्या जागी. स्वित्झर्लंडमधील वेवे येथे आन्री नेस्ले यांनी १८६७ मध्ये दूध आणि धान्याचे पीठ यांचा शिशुआहार बाजारात आणला. न्यूझीलंडच्या नेथन कंपनीची ग्लॅक्सो भुकटी विसाव्या शतकाच्या आरंभी आली. गुबगुबीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची रीत मराठीत इतकी रुळली की ते एका कंपनीचे नाव आहे, याचाही विसर पडला. जाहिरातीचे याहून मोठे यश ते कोणते?

पुढील अध्याय आपल्या दाराशी घडला. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १९४८ पासून संघाचे दूध मुंबईला जाऊ लागले, ते सुरतेवरूनच. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली. कुरियन त्यांच्या पाठीशी होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार करण्याची पद्धत बसवली आणि आणंदचा डबा आयात डब्याशी स्पर्धा करू लागला. परकीय चलन वाचले, शेतकऱ्याला भाव मिळाला. या यशाचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि स्वदेशी असल्यामुळे हा डबा आवश्यक आहे किंवा कसे, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. धाराऊची गरज एखाद्या सईबाईला होती. डब्याला मात्र प्रत्येक घर हवे होते.

येथे शरीराचा एक नियम समजून घेतला पाहिजे. मूल जितके ओढते तितके दूध आईच्या शरीरात नव्याने तयार होते. ‘पुरत नाही’ या शंकेने एक बाटली दिली की मूल तेवढे कमी ओढते, दूध तेवढे कमी होते, आणि दुसऱ्या आठवड्यात ती शंका खरी ठरते. जाहिरातीला आईचे दूध वाईट आहे असे म्हणण्याची गरजच पडत नाही. शंका पेरली की पुरे.

जगाला हे उमगण्यास वेळ लागला. ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेने खळबळ उडवली. १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ११८ विरुद्ध १ मतांनी विक्रीसंहिता संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते. भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता केली. डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपानाच्या पुरस्कारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि १९९२ च्या कायद्याने दूधभुकटीची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावरील बाळाचे चित्र या सर्वांना मनाई केली. हा कायदा वेवेच्या डब्याला लागू झाला तसाच आणंदच्याही. आमच्या मते हेच त्याचे मोठेपण.

सुरतकरांना या कायद्यामागील तर्क ऑगस्ट २००६ मध्ये निराळ्या रीतीने कळला. उकाईचे पाणी सुटले, तापीने शहराचा बहुतांश भाग व्यापला, वीज आणि नळ दोन्ही बंद पडले. भुकटीला स्वच्छ पाणी लागते, पाणी उकळायला इंधन लागते, बाटली धुवायला पुन्हा पाणी लागते. चहूकडे पाणीच पाणी असताना नेमके हेच मिळेनासे झाले. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या घरी ही विवंचना नव्हती.

म्हणून डब्याला शत्रू ठरवावे असे आम्ही म्हणत नाही. काही आजारांत, काही औषधोपचारांत आईला पाजता येत नाही. अशा मातेला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे केवळ ४१.८ टक्के. म्हणजे दोष उपलब्धतेचा नाही, उशाशी बसून धीर देणाऱ्या बाईचा अभाव रुग्णालयातही आहे. २०१७ मध्ये प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली ती आस्थापनेत नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी. लिंबायत-उधन्यात घरी बसून नगावर साड्यांना टिकल्या लावणाऱ्या खानदेशी बाईला, जी आपल्याच भाषेची आहे, त्या रजेचा उपयोग नव्हता.

दूधआईची प्रथा मात्र नव्या रूपात परतली आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली; ती आशियातील पहिली मानली जाते. सुरत महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयातही अशी पेढी आहे. दात्या मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश तापमानावर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, गोठवतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा आईवेगळ्या बाळांना देतात. चरकाच्या अटीत न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या पेढ्यांच्या नियमांत सापडते: दात्या मातेचे स्वतःचे बाळ पोटभर प्यायल्यावर जे उरेल, तेवढेच दूध घ्यायचे.