खेचराचा लगाम



मे 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. अंथरुणावर त्यांना वाचायला मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, दरबारी पराक्रमाची स्वप्ने घटकाभर सुखावतात, पण मागे मन कोरडे राहते. संतांच्या वाटेने जावे हा विचार मात्र निघून गेल्यावरही आनंद ठेवून जातो.

तरी निर्णय घेणे लगेच जमले नाही. 1522 मध्ये मोन्सेरातच्या वाटेवर एका मुस्लिम प्रवाशाशी पवित्र मरियेच्या कौमार्यावरून त्यांचा वाद झाला. तो पुढे निघून गेल्यावर त्याला गाठून खंजीर चालवावा का, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर गावाकडे न वळता हमरस्त्याने गेले. देवकृपेने एक जीव वाचला.

पण पुढे त्यांनी शिकवले ते वेगळेच. 1548 मध्ये छापलेल्या ‘आत्मिक साधना’ ग्रंथात प्रार्थना करा, दोन्ही बाजू तोला आणि मनाच्या हालचाली पारखा, असे ते सांगतात.

मुलीचे स्थळ, नोकरी, जमिनीचा वाटा ठरवताना आपणही चिठ्ठ्या टाकतो. प्रभूने आपल्याला बुद्धी दिली आहे, पवित्र आत्मा दिला आहे. लगाम आपल्याच हाती ठेवूया, आणि वाट त्याला विचारूया.